गुंडोपंतांचा विडा

कासाराच्या भिवरेने बुद्धिबळात दरबारी खेळाडू गुंडोपंतांना सलग तीनदा हरवले. महाराजांनी पंतांची गादी तिला देऊ केली, तेव्हा पंतांचा जळफळाट झाला.

“महाराज, हे निव्वळ नशीब! मी प्रत्येक खेळीची दहा उत्तरं तपासतो. हिची रीत काय, ते हिने सांगावं, नाहीतर गादी माझी!”

भिवरा खालमानेने म्हणाली, “मी सगळ्या सोंगट्यांवरून हात फिरवते, महाराज. ज्या सोंगटीपाशी पंतांचं विडा चघळणं थांबतं, तीच उचलते. माझं भलं त्यांच्याइतकं लवकर कुणालाच दिसत नाही.”

सगळ्यांनी पंतांकडे पाहिले. विडा गालातच थांबला होता.

महाराज हसले. “भिवरे, बस गादीवर. खेळी बरोबर आहे.”