घाटावरचा भोपळा

"मग मी नसतो, तर ही पोरं पोहायला शिकली असती का नाही? तेवढं सांगा, बाबा."

दस्तगीरबाबांनी मान वर केली नाही. कृष्णेच्या घाटावर, दर्ग्याच्या पायरीला टेकून म्हातारा फकीर सुक्या भोपळ्याला दोरी बांधत बसला होता. घाटावर पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीवर असा भोपळा बांधतात.

"कोण विचारतंय? तू, का ती बाई?"

सर्जेरावानं पायरीवरचा खडा उचलून पाण्यात भिरकावला.

बाई शहरातल्या कुठल्याशा संस्थेची. गावोगावच्या तरुण मंडळांनी काय उजेड पाडला, ते तपासत हिंडणारी. सर्जेरावानं उमेदीची सगळी वर्षं गावातल्या उनाड पोरांना पोहणं शिकवण्यात घातली होती. पत्त्यांच्या अड्ड्यावरून कान धरून आणली, पाण्यात घातली, माणसात आणली. औंदाच्या पुरात त्याच पोरांनी गुऱ्हाळाची काहील होडीसारखी वल्हवली आणि कुंभारवाड्यातली म्हातारी माणसं शेळ्यांसकट सुखरूप बाहेर काढली. गाव डोळे पुसत बघत होता. असलं काम ऐऱ्यागैऱ्याचं नव्हे.

आणि बाईनं त्याच पोरांना विचारलं, सर्जेरावामुळं तुमच्यात काय फरक पडला?

पोरं एकमेकांकडं बघून म्हणाली, "पोहणं होय? ते आपलं आपणच आलं की."

सर्जेराव भिंतीआड उभा होता. सगळं ऐकलं त्यानं.

"मिरजेला कारखान्यात जागा मिळतीय," तो आता म्हणाला. "उद्या हजर व्हायचंय. माझ्यावाचून इथं कुणाचं काही अडलं नाही म्हणे. मग कुजत कशाला बसू?"

"जा की. मी काय पाय बांधलेत तुझे?"

सर्जेराव काही उठला नाही.

...

"नवं पोरगं पाण्यात कसं घालतोस?" बाबांनी विचारलं.

"पोटाखाली हात धरतो."

"मग?"

"मग काढतो."

"सांगून?"

"सांगून कसं, बाबा! सांगितलं तर जागच्या जागी बुडंल की ते."

बाबांनी झोळीतनं दाभण काढलं. दोरी बांधून झालेल्या त्या भल्या चांगल्या भोपळ्याच्या बुडाला जोर लावून भोक पाडलं, आणि वर चिमूटभर चिखल लिंपला.

"अहो, अहो! चांगला भोपळा वाया घालवला! मध्यावर गेला की चिखल सुटंल, पाणी भरंल त्यात!"

"भरू दे. ज्याच्या पाठीवर जायचाय, ते पोरगं तयार झालंय."

...

सर्जेरावाचा हात आपसूक स्वतःच्या पाठीकडं गेला.

पहिल्यांदा नदी ओलांडली, तो दिवस. मध्यावर बाबांनी बांधून दिलेला भोपळा जड झाला होता. तो बोंबलला, हातपाय झाडले, पाणी प्याला, आणि पलीकडं लागला. मग पाण्यानं भरलेला तो भोपळा डोक्यावर घेऊन गावभर नाचला. भोपळा फुटका निघाला, तरी आलो! मला कुणाच्या बापानं शिकवलं नाही!

"बाबा... माझा तो भोपळा..."

"दाभण हेच."

"आणि मी बुडलो असतो म्हणजे?"

"मागं चार हातांवर मी पोहत होतो. वळून बघायची उसंत कुठं होती तुला?"

सर्जेरावानं म्हाताऱ्याकडं बघितलं. वाळलेले दंड, पांढरी दाढी. इतकी वर्षं या माणसानं अवाक्षर काढलं नव्हतं.

"मी गावभर काय ओरडत फिरलो, ते तुम्ही ऐकलंत?"

"बहिरा होतो व्हय मी?"

"राग नाही आला?"

"राग कसला? त्याच दिवशी गूळ-चपातीचा मलिदा केला. दर्ग्यात बसून सगळ्यांना वाटला. तूबी दोनदा हात पुढं केलास, हावरटा."

सर्जेराव हसला आणि घाटाखाली बघू लागला.

खाली पाण्यात त्याचीच पोरं एकमेकांना बुचकळत, शिव्या देत हुंदडत होती. वर कोण बसलंय, याची त्यांना दादही नव्हती.

...

"बाबा, ते मिरजेचं..."

"तुझं तू बघ." बाबांनी भोपळा त्याच्या मांडीवर ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "आधी गूळ घेऊन ये. आज मलिदा तुझ्याकडनं."