तिसरी काठी किती लांब?

बांबूच्या बनाशेजारी, एका झोपडीत बकुळा आणि तिची आई राहायच्या. आई सुपं-टोपल्या विणायची, त्यावर दोघींचं कसंबसं भागायचं. पण एकदा बांबूच्या धारदार कामटीनं आईचा उजवा हात कापला आणि बोटं मिटेनाशीच झाली. विणकाम थांबलं, चूल थंडावली, बकुळाची वेणी घालायचीसुद्धा राहिली. तिचे मोकळे, गुंतलेले केस बघून आई गुपचूप डोळे पुसायची.

एका सोनेरी सकाळी बकुळा विकण्यासाठी बांबू आणायला बनात गेली. छान सरळसोट बांबूवर कोयता उगारला, तर वर इवलंसं घरटं आणि त्यात तीन गुलाबी चोची. तिनं कोयता खाली घेतला आणि दुसरा, वाकडातिकडा बांबू शोधू लागली. तोच पानांत हिरवा-सोनेरी झगमगाट झाला आणि बोटभर उंचीची, चतुराच्या पंखांची परी समोर उतरली.

परी म्हणाली, घरटं राखलंस म्हणून एक इच्छा तुझी. पण इच्छा येते खिडकीतून, आणि ती खिडकी तूच करायचीस. तिनं प्रकाशाच्या दोन काठ्या दिल्या, एक सात वितींची, एक तीन वितींची. तिसरी मागशील तेवढी लांब मिळेल, ती म्हणाली, पण मागायचं फक्त तीनदा. तिघींची टोकं एकमेकींना जुळली पाहिजेत आणि आत जागा उरली पाहिजे.

जास्त मागायची बकुळाला लाज वाटायची. तिनं तीनच वितींची मागितली. धाकट्या दोघी मोठीच्या दोन टोकांना लावल्या, तर मधे वीतभर जागा मोकळी. बुरडाचीच लेक ती, लगेच मोठी काठी वाकवायला गेली. पण प्रकाश कुठला वाकतोय.

मग तिनं नेमकी चार वितींची मागितली. टोकं जुळली खरी, पण धाकट्या दोघी मोठीच्या अंगावर सपाट निजल्या. आत मुंगीलाही शिरता येईना.

आता एकदाच मागायचं होतं. चुकलं, तर आईचा हात तसाच राहणार. पण बकुळाचं डोकं काही थांबेना. तिनं गवताच्या काड्या तोडल्या, मांडल्या, मोडल्या, पुन्हा मांडल्या.

"परीताई," ती हळूच म्हणाली, "दोघी मिळून मोठीएवढ्याच झाल्या तर आडव्या पडतात. उभं राहायला त्यांना थोडं जास्त लागतं. मला पाच वितींची दे."

काठ्या टुणकन उभ्या राहिल्या. त्रिकोणी खिडकी चमचमू लागली. बकुळानं त्यात तोंड घालून एवढंच मागितलं, की आईचा हात बरा होऊ दे.

घरी धावायचं सोडून ती तिथंच घुटमळली. "आणि दहा वितींची मागितली असती तर?"

परीचे डोळे लुकलुकले. तिच्या एका फुंकरीसरशी पाच वितींची काठी वाढू लागली. सहा, सात, आठ, नऊ, खिडकी उभीच. दहा झाल्या मात्र, आणि सात-तीनची जोडी तिच्यावर सपाट कोसळली.

"म्हणजे चारपेक्षा मोठी हवी आणि दहापेक्षा लहान," बकुळा म्हणाली.

"इच्छा सगळेच मागतात," परी म्हणाली. "हे मात्र तूच पहिल्यांदा विचारलंस. काठ्या तुलाच ठेव." लख्ख उजेड झाला आणि त्या उजेडात परी विरून गेली.

घरी आई दारात बसली होती. तिच्या उजव्या हातात फणी होती. बकुळा पळत येऊन पुढ्यात बसली. आईची बोटं केसांतून फिरू लागली, तिनं तीन पेड केले, आणि बकुळाला रडूच कोसळलं. रडता रडताच तिनं विचारलं, "आई, मला सांग. एक काठी सात वितींची आहे आणि एक तीन वितींची..."