सत्याप्पाची तिसरी तबकडी

फार वर्षांपूर्वी, आमच्या वेलवाडीने विजेचा खांब पाहिलासुद्धा नव्हता तेव्हा, इथे सत्याप्पा नावाचा एक माणूस मोट हाकायचा. मोट म्हणजे चामड्याची मोठी पखाल. बैल उतारावरून खाली चालले की ती भरून विहिरीबाहेर यायची आणि वरच्या दगडी थारोळ्यात रिकामी व्हायची. आमची विहीर चार मोटांची. चार जोड्या, आठ बैल, आणि पाणी जायचं पानमळ्यांना. नागवेलीचा स्वभाव राणीसारखा, तिसऱ्या दिवशी पाणी मिळालं नाही तर ती मान टाकते. सगळं गाव त्या वेलीवर जगायचं, त्यामुळे तिचे नखरे सोसण्यावाचून इलाज नव्हता.

आठही बैल सत्याप्पाच्या गाण्यावर चालायचे. तो गायला लागला की चारही जोड्या एकदम उतारावर निघायच्या. मोट थारोळ्याशी आली की तो गाणं थांबवायचा. पाणी खळखळ ओतलं जायचं, बैल उभे राहायचे. मोट रिकामी झाली की तो पुन्हा सूर लावायचा आणि बैल मागे सरायचे. त्याचं गाणं ऐकून विहिरीतलं पाणी हातभर वर यायचं, असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही, पण खोटं म्हणायची माझी छाती नाही.

गाण्याच्या तबकड्या काढणाऱ्या एका कंपनीचे गुर्जर साहेब एकदा लग्नाला म्हणून गावात आले. त्यांनी ते गाणं ऐकलं आणि मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाला सोडून विहिरीवर येऊन बसले. म्हणाले, "मुंबईला चल, तबकडी काढू."

सत्याप्पा म्हणाला, "माझं गानं बैलांचं हाय, सायेब. मानसांस्नी काय करायचंय त्याचं?"

साहेब हिरमुसले होऊन परत गेले. पण त्याच वर्षी सत्याप्पाचा घसा धरला तो सुटेना. वैद्यबुवांनी जीभ बाहेर काढायला लावून पाहिलं आणि खरं ते सांगून टाकलं, की हा आवाज दीड वर्षाचा सोबती आहे. सत्याप्पाला स्वतःचं काही वाटलं नाही. त्याने बायकोला, तान्हूबाईला, एवढंच विचारलं, "मग बैल कुणाचं ऐकतील?" दुसऱ्यांनी गाऊन पाहिलं होतं. चार जोड्या चार दिशांना गेल्या होत्या आणि गाणाऱ्यांची फजिती झाली ती वेगळीच. तेव्हा तान्हूबाई म्हणाली, "त्या सायबाकडं जावा. आवाज तिथं ठिवून या."

असा तो मुंबईला गेला. गुर्जर साहेबांनी त्याला भोंग्यासमोर उभं केलं आणि बजावलं, "एका बाजूला तीन मिनिटं मिळतात. मधे थांबून जागा फुकट घालवू नकोस." साहेब मोठा माणूस. सत्याप्पा न थांबता गायला. ती पहिली तबकडी मुलखात गाजली, हॉटेलांत वाजली, वरातींत वाजली. कंपनीने खुशीने त्याला एक फोनोही, म्हणजे तबकडी वाजवायचं चावीचं यंत्र, भेट दिला. तो फोनो त्याने विहिरीच्या काठावर ठेवला आणि तबकडी लावली. बैल निघाले, पण मोट निम्मीही ओतली नव्हती तोच गाण्याची पुढची ओळ आली आणि बैल मागे सरले. पाणी परत विहिरीत गेलं, दोर चाकावरून निसटले आणि एका बैलाचे गुडघे सोलवटले. सत्याप्पाने त्या बैलाला स्वतःच्या हाताने हळद लावली आणि पुन्हा मुंबई गाठली.

दुसऱ्या वेळी त्याने थांबायचं कबूल करून घेतलं. साहेबही हुशार. त्यांनी थांबण्याच्या जागी व्हायोलिन आणि क्लॅरिओनेट भरून टाकलं. ही तबकडी पहिलीपेक्षा जास्त गाजली. वेलवाडीत मात्र बैल कान हलवत जागेवर उभे राहिले. अख्ख्या मुलखाला ती आवडली, फक्त आठ बैलांना आवडली नाही. आणि सत्याप्पाला त्या आठांचीच पर्वा होती.

तिसऱ्या वेळी आवाज जेमतेम उरला होता. तान्हूबाई सोबत गेली. वाजवणाऱ्यांना त्याने हात जोडून खोलीबाहेर बसवलं. गाणं सुरू झालं. मोट काठाशी येण्याची वेळ झाली आणि तो थांबला. काचेमागून साहेबांनी गा गा म्हणून हात हलवले. सत्याप्पाने तळहात वर केला आणि डोळे मिटून उभा राहिला. मग पुन्हा गायला. असं तीनदा झालं. गाणं संपल्यावर साहेब तणतणत बाहेर आले. तेव्हा सत्याप्पा चिरक्या आवाजात म्हणाला, "मोट रिकामी व्हायला नगं व्हय, सायेब?" तो बोललेला हा शेवटचा शब्द, असं म्हणतात.

ती तबकडी कुणी ठेवून घेतली नाही. गिऱ्हाइकं ती बिघडलेली आहे म्हणून परत आणून देत. पण नीट कान दिला तर त्या थांबण्यात पाणी ओतल्याचा आवाज येतो. गुर्जर साहेब म्हातारपणीही शपथेवर सांगायचे, की त्या खोलीत पाण्याचा थेंब नव्हता, प्यायचा तांब्यासुद्धा बाहेर होता.

त्या उन्हाळ्यात वेलींनी माना टाकायला सुरुवात केली होती. मुका सत्याप्पा नेहमीसारखा विहिरीवर गेला. तान्हूबाईने फोनोला चावी दिली. सगळं गाव विहिरीभोवती उभं होतं. गाणं निघालं, आठ बैल निघाले. गाणं थांबलं, बैल थांबले. चारही मोटा शेवटच्या थेंबापर्यंत रिकाम्या झाल्या. पुन्हा सूर आला आणि बैल मागे सरले. सत्याप्पा थारोळ्याच्या दगडावर बसून लहान पोरासारखा रडला. मृग लागेपर्यंत तान्हूबाई रोज चावी देत राहिली. त्या चार महिन्यांत फोनोची सुई एकदाही बदलावी लागली नाही, असं म्हणतात. एकही वेल मेली नाही, हे मात्र म्हणण्यातलं नाही, खरंच आहे. माझा आजा त्याच पानांवर वाढला. आम्ही सगळे सत्याप्पाचंच खातो.

आता विहिरीवर विजेचे पंप आहेत. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, दिवशी ते बंद ठेवतात. पहिल्या खुडीच्या पानांचा विडा थारोळ्यावर ठेवतात आणि गावात उरलेल्या दोन बैलजोड्या रंगवून उतारावर आणतात. मग ती तिसरी तबकडी लावतात. आता ती फार झिजली आहे. गाण्याचा एक शब्द कळत नाही, नुसती खरखर. पण थांबण्याची जागा आली की खरखरही थांबते आणि पाणी ओतलेलं स्वच्छ ऐकू येतं. तेव्हा सगळे टोप्या काढून उभे राहतात. हे बैल आजचे, त्यांनी मोट कधी पाहिलेली नाही. तरी पाण्याचा आवाज संपला की चौघे मिळून एक पाऊल मागे सरतात.