येसाईचा बुटका वाफा

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. त्याच्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी औषधाची एक बाग होती आणि त्या बागेत फक्त भांगेची झाडं लावत. लगेच नाक मुरडू नका. ही भांग घोटून पिऊन लोळायची नव्हती. तिच्या तुऱ्यांचं राजवैद्य तेल करत, आणि मोडक्या हाडांच्या, दुखऱ्या पाठींच्या माणसांना ते चोळलं की त्यांचा जीव जरा थंडावत असे.

बागेतले वाफे गावातल्या घरांना वाटून दिले होते. निम्मे तुरे राज्यातल्या आजाऱ्यांसाठी वैद्यांकडे द्यायचे, निम्म्यांचं तेल आपल्या घरी न्यायचं. वाफा कुणाकडे राहणार हे मात्र काठीच्या दिवशी ठरे. त्या दिवशी कारभारी पुरुषभर उंचीची काठी घेऊन येई आणि प्रत्येक वाफ्यात उभी करी. झाडं काठीला पोचली तर वाफा त्या घराकडे राहिला, नाही पोचली तर दुसऱ्याकडे गेला.

ही रीत पाडली पहिल्या राजवैद्यांनी. ते पायांनी अधू होते. ओसरीवर बसल्या बसल्या त्यांना कुंपणाच्या वर आलेले शेंडे तेवढे दिसत, म्हणून त्यांनी शेंडेच मोजायला लावले. त्यांच्यामागून सहा राजवैद्य झाले, सगळे धडधाकट पायांचे, पण ओसरी सोडून बागेत कुणी उतरलं नाही.

त्या बागेला लागून सुभाना बुरूड आणि त्याची बायको येसाई यांची झोपडी होती. दोन वर्षांपूर्वी डोंगरावर कळकाचे बांबू तोडताना सुभाना दरडीवरून घसरला आणि तेव्हापासून बाजेवर पडून होता. त्यांचा वाफा झोपडीच्या दारासमोरच होता; तो येसाई बघायची. बाई मोठी मायाळू, हात चपळ आणि जीभ त्याहून चपळ. वाट बघणं मात्र तिला ठाऊकच नव्हतं. भात शिजायला ठेवला की ती तीनदा झाकण काढून बघे.

या घाईनेच एकदा घात केला होता. सुभानाची पाठ जरा बरी वाटत होती, तेव्हा तिने त्याचे दोन्ही हात धरले आणि "उठा बघू आता" म्हणत त्याला ओढून उभं केलं. पाठीत सणकन कळ आली आणि माणूस पुन्हा आडवा झाला. त्यानंतर त्याला साधं उठून बसताही येईना. वाफ्याचं तेल जेमतेम होळीपर्यंत पुरे. ते संपलं की सुभाना घोंगडीचं टोक दातात धरून पडून राही आणि येसाईला स्वतःच्या हातांचा राग येई.

त्या वर्षी झाडं वीतभर झाली असतील, तेव्हा येसाईची शेळी दावं तोडून वाफ्यात शिरली आणि एका रोपावर ऐसपैस बसली. येसाई आली तेव्हा रोप आडवं झालं होतं. शेळीला चार धपाटे घालून ती कामाला लागली आणि ते रोप विसरून गेली. बाजेवर पडलेल्या सुभानाला मात्र दुसरं बघायला तरी काय होतं? त्याची नजर जमिनीच्या जवळ, आणि ते रोप नेमकं त्याच्या समोर.

दहा-बारा दिवसांनी तो म्हणाला, "येसू, हिकडं ये. खाली बस आनि माझ्या डोळ्यांनी बघ."

येसाई बसली. आडवं झालेलं रोप मेलं नव्हतं. त्याच्या अंगावर आठ फांद्या उठल्या होत्या आणि प्रत्येक फांदीला आपला आपला शेंडा होता.

"येकटा शेंडा वर गेला की समदं ऊन त्योच खातो," सुभाना म्हणाला. "त्यो खाली आला तवा बाकीच्यांस्नी ऊन घावलं. जितकं शेंडं, तितकं तुरं. आठ तुऱ्यांचं त्याल व्हईल बघ एका झाडाला."

येसाईला पटलं. आणि पटलं म्हणजे लगेच झालंच पाहिजे. ती तरातरा गेली, पुढचं रोप मुठीत धरलं आणि खाली दाबलं. कट्कन आवाज झाला. मोडलेलं रोप हातात धरून ती तशीच उभी राहिली.

सुभाना रागावला नाही. "कामटी आन बांबूची," तो म्हणाला. "आनि माझ्या जुन्या धोतराची चिंधी. मोडलंय, तुटलं न्हाई. बांध त्याला." तिने बांधलं. तेव्हा तो हळूच म्हणाला, "मला बी असंच वढलं हुतंस, न्हाई का?" आणि हसला. येसाईला हसू आलं नाही. तिने पदर डोळ्यांना लावला. दोन वर्षं आत दाबून ठेवलेलं रडू तिथे वाफ्यातच बाहेर आलं.

तिचं रडून झाल्यावर सुभानाने आपली बुरूडविद्या तिला सांगितली. "ओली कामटी बी येकदम वाकवायची नसती. आज बोटभर, उद्या बोटभर. उन्हं कलली की रोप मऊ पडतं, तवाच हात लावायचा. खुटीला बांधायचं त्ये चिंधीनं, आनि सैल. सुतळी रुतती."

तेव्हापासून रोज उन्हं कलली की येसाई वाफ्यात बसे. पहिले चार दिवस तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला. बोटभर वाकवायचं आणि उठून यायचं, हे काय काम झालं? पण पुढे तिच्या हातांना ते कळू लागलं. कुठलं रोप आज तयार आहे, कुठलं उद्यावर ठेवायचं, हे तिला नुसत्या स्पर्शाने समजे. वाफ्यातून आली की ती सुभानाच्या पाठीखाली वाकळेची एक घडी वाढवून ठेवी. एका दिवशी एकच घडी. दुखलं तर दुसऱ्या दिवशी नाहीच.

काठीचा दिवस जवळ आला तशी तिची झोप उडाली. "अहो, काठीच्या निम्म्याला बी न्हाईत झाडं. सोडू का चिंध्या? सुटली तर वर जातील थोडी."

"सोडलंस तर त्याल होळीला संपंल," सुभाना म्हणाला. "न्हाई सोडलंस तर वाफा जाईल. दोन्हीकडनं पाठ माझीच हाय, मग मलाच ठरवू दे की. ऱ्हाऊ दे बांधलेलं."

कारभारी आला. माणूस वाईट नव्हता, पण काठीवर त्याचा भारी जीव. वर्षभर तो तिला तेलपाणी करी. त्याने येसाईच्या वाफ्यात काठी उभी केली, झाडांकडे बघितलं, काठीकडे बघितलं. "बाई, ही झाडं आहेत की मेथीची भाजी? खुडणी तेवढी करून घे. मग वाफा शेजाऱ्याला जाईल."

येसाईच्या जिभेवर दहा उत्तरं आली होती. तिने ती गिळली. घरी येऊन सुभानापुढे कामट्यांचा भारा ठेवला, कारण त्यानेच तो मागितला होता. वाकळेच्या घड्यांना टेकून तो आता बसू लागला होता. दोन वर्षांनी त्याच्या हातात कामटी आली. आठ दिवस खपून त्याने एक टोपली विणली, चांगली दोन हातांच्या कवेत मावेल एवढी.

खुडणीच्या दिवशी सगळ्यांनी वैद्यांच्या वाट्याचे तुरे ओसरीवर आणले. उंच झाडांना शेंड्यावर एकेक झुपकेदार तुरा आणि खाली सावलीत वाढलेली बारीकसारीक फुलं. कुणाची टोपली अर्धी, कुणाची त्याहून कमी. येसाईने आपली टोपली शिगोशीग भरून ठेवली. परत गेली, शेजारणीची टोपली भरून आणली. मग तिसरी.

राजवैद्य बैठकीवरून पुढे झुकले. "तुझ्या वाफ्यात तर मला इथून एकसुद्धा शेंडा दिसला नाही. हे आलं कुठून?"

"खालनं," येसाई म्हणाली. "वरनं दिसत न्हाई त्ये, वैद्यबाबा. खाली यावं लागंल."

सात पिढ्यांत पहिल्यांदा राजवैद्य ओसरी उतरले. त्यांच्या वहाणा शोधण्यातच अर्धी घटका गेली. वाफ्यात ते उकिडवे बसले. एकेका झाडाला आठ-आठ, दहा-दहा फांद्या, सगळ्या सारख्या उंचीच्या, आणि जागोजागी धोतराच्या मऊ चिंध्या. एका झाडाला मोडलेल्या जागी जाड गाठ धरली होती आणि सगळ्यांत जास्त फांद्या त्याच झाडाला होत्या.

"हे तुला कुणी शिकवलं?" त्यांनी बाजेवरच्या सुभानाला विचारलं.

"शेळीनं," सुभाना म्हणाला.

वाफा येसाईकडेच राहिला. वैद्यांनी खुंट्या करायला काठी मागितली, तेव्हा कारभाऱ्याने ती छातीशी धरली. शेवटी त्यानेच करवत आणली. निम्म्या काठीच्या छोट्या छोट्या खुंट्या निघाल्या आणि त्या घरोघरच्या वाफ्यांत वाटल्या गेल्या. मूठ असलेला निम्मा भाग तो दुसऱ्या दिवशी स्वतः सुभानाच्या बाजेशी ठेवून गेला. त्या वर्षी तेल होळीला संपलं नाही.

पाडव्याच्या सकाळी सुभानाने ती अर्धी काठी हातात घेतली आणि बाजेवरून पाय खाली सोडले. येसाईने धावत येऊन दोन्ही हात पुढे केले. मग काहीतरी आठवून तिने ते मागे घेतले आणि पाठीशी घट्ट धरून ठेवले.

"सावकाश उठा," ती म्हणाली. "मी हाय हितंच."

सुभाना उठला आणि दोन पावलं चालून वाफ्याच्या कडेला उभा राहिला.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, लक्षात ठेवा: ज्याच्यावर माया आहे त्याला ओढू नये; त्याला रोज बोटभर वळवावं आणि वाट बघावी.