डागाळलेले उरवस्त्र

पूर्वी ज्वालापत्तन नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील अग्निकारांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सुतेज.

हे नगर एका धगधगत्या पर्वताच्या पायथ्याशी वसले होते. पर्वतातून पाझरणारा अग्नी जिवंत होता. त्याला लाकूड लागत नसे, तेल लागत नसे. अग्निकार दगडी पळ्यांनी तो झऱ्यातून उचलत आणि दिव्यांत ओतत. असा दिवा वर्षभर विझत नसे. पण या अग्नीचा स्वभाव कुत्र्याच्या पिलासारखा होता. कोणाचा श्वास जोरात लागला की तो आनंदाने अंगावर झेप घेई. त्याचा खेळ होई आणि माणसाची राख.

म्हणून फार पूर्वीच्या अग्निकारांनी उरवस्त्र शोधून काढले होते. पर्वतावरचे नाग वसंतात कात टाकत. ती कात जाड आणि पांढरीशुभ्र असे, आणि अग्नीला तिच्यातून पार जाता येत नसे. तिचे गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत येणारे वस्त्र शिवायचे, ते पाठीमागे नाडीने बांधायचे आणि मगच पळी हातात घ्यायची. अग्नी झेपावला तर कातीवर काळा डाग उमटे, अग्नी खाली गळून पडे आणि माणूस वाचे. डाग मात्र कधीच जात नसे.

पुढे एका राजाने दीपोत्सवाच्या मिरवणुकीत एका अग्निकाराचे स्वच्छ वस्त्र पाहिले. "ज्याचे वस्त्र कोरे, त्याचा हात पक्का," असे म्हणून त्याने त्या माणसाला सर्वांच्या पुढे चालवले. राजा सहज बोलून गेला. नगराने ते कायमचे धरून ठेवले. कोऱ्या वस्त्राला मान, डागाला टोमणे. सोयरीक जुळवतानाही मुलाकडची माणसे आधी मुलीचे उरवस्त्र उजेडात धरून पाहू लागली. मग व्हायचे तेच झाले. अग्निकार कामावर आले की उरवस्त्र काढून खुंटीला अडकवत, साध्या सुती कपड्यांनिशी पळी उचलत आणि काम संपल्यावर पुन्हा वस्त्र बांधून घरी जात. जे वस्त्र माणसांना राखण्यासाठी होते, त्यालाच माणसे राखू लागली. भाजल्याच्या खुणा प्रत्येक जण कपड्यांखाली लपवी. प्रत्येकाला वाटे, कच्चा हात आपल्या एकट्याचाच.

बोधिसत्त्व मोजका, शांत श्वास घेई, त्यामुळे अग्नी त्याच्या वाटेला फारसा जात नसे. पण अग्निकार नदीवर एकेकटेच आंघोळीला जातात, हे त्याने पाहिले होते आणि त्याचे कारण ओळखले होते. खुंटीवर वस्त्र तोही ठेवी. त्या वर्षी दीपोत्सवात राजा अग्निकारांचा नवा प्रमुख निवडणार होता, आणि सुतेजाइतके शुभ्र वस्त्र दुसऱ्या कोणाचे नव्हते. 'प्रमुख झालो की या खुंट्यांविषयी बोलेन,' असे तो मनाशी म्हणे. तोवर वस्त्र कोरे राहायला हवे होते.

उत्सवाच्या सकाळी राजवाड्याचा मोठा दिवा भरायचा होता. कुंभिल नावाचा अग्निकार थट्टेखोर होता. खुंटीकडे पाहून तो म्हणाला, "सुतेजा, दृष्ट लागेल हो तुझ्या वस्त्राला! एखादी तीट तरी लाव."

सगळे हसले. बोधिसत्त्वाचे लक्ष उत्पलेकडे होते. ती त्यांच्यात सर्वांत लहान. आत्याच्या घरी सून म्हणून जाण्याचे तिचे ठरत आले होते. तिने आपले वस्त्र घडी करून खुंटीवर ठेवले आणि लांब दांड्याची पळी उचलली.

"उत्पले, आज मोठा दिवा आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "वस्त्र बांधून घे."

"आज नको, काका. आत्या मिरवणुकीत बघणार आहे. एक ठिपका दिसला तर म्हणेल, माझ्या भावाच्या पोरीला पळीसुद्धा धरता येत नाही. उद्या बांधीन."

"उद्या मोठा दिवा नसेल."

"मग तुम्ही का नाही बांधलंत?"

बोधिसत्त्व भिंतीकडे गेला, खुंटीवरचे वस्त्र काढले आणि गळ्यात घातले. नाडी बांधायला त्याने हात मागे नेले, तोच ओरडा झाला. भरलेल्या पळीच्या वजनाने उत्पलेला धाप लागली होती. तो श्वास लागताच अग्नी पळीतून उसळला.

बोधिसत्त्व सुटत्या नाडीनिशी धावला आणि मध्ये उभा राहिला. अग्नी त्याच्या छातीवर आदळला. उत्पला भीतीने हुंदके देत होती, आणि प्रत्येक हुंदक्यासरशी अग्नी नव्याने झेप घेत होता. बोधिसत्त्वाने तिला वस्त्राच्या आड घेतले. "हळू, बाळ. माझ्याबरोबर श्वास घे," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. हळूहळू तिचा श्वास संथ झाला. खेळ संपलेला पाहून अग्नी जमिनीवर उतरला आणि झऱ्याकडे परतला.

"काका, माझी वेणी?" तिने डोळे मिटूनच विचारले.

"अर्धी गेली. बाकी तू सगळी आहेस."

सुतेजाचे वस्त्र तव्याच्या बुडासारखे काळे झाले होते. कुंभिल जवळ आला. तो म्हणाला, "गड्या, तीट लाव म्हणालो होतो. काजळाची डबी सांडायला कुठे सांगितलं होतं?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्या घरी एक कोरं वस्त्र आहे. संध्याकाळपुरतं घाल. आमच्यातलं कोणी बोलणार नाही."

"कुंभिला, यावर जे उमटलंय ते पोरीच्या अंगावर उमटायचं होतं," बोधिसत्त्व म्हणाला. "ते मी लपवू कसं?"

संध्याकाळी अग्निकार राजासमोर ओळीने उभे राहिले. सगळी वस्त्रे पांढरी, एकच काळे. लोकांत कुजबुज सुरू झाली. राजा त्रासिकपणे म्हणाला, "सुतेजा, आज तुला प्रमुख करणार होतो. हे काय करून आलास?"

"महाराज, आपली ढाल पाहू द्याल?"

सेवकाने ढाल पुढे केली. ती पोच्यांनी भरलेली होती.

"हे पोचे कसले, महाराज?"

राजा हसला. "हा सीमेवरच्या भाल्याचा. ही कुऱ्हाड. मला न लागलेले वार आहेत ते!"

"हे डागही तसेच आहेत."

राजाचे हसू थांबले. त्याने ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती पांढरी वस्त्रे पाहिली. "यांच्या वस्त्रांवर तर एकही डाग नाही," तो सावकाश म्हणाला. "मग यांच्यावरचे वार गेले कुठे?"

बोधिसत्त्वाला उत्तर ठाऊक होते. पण ते ज्यांचे होते त्यांनीच द्यायचे होते, म्हणून त्याने ओळीकडे पाहिले.

कुंभिल ओळीतून पुढे आला. त्याने नाडी सोडली, वस्त्र उतरवले, मग उपरणेही काढले. गळ्यापासून बेंबीपर्यंत त्याची कातडी सुरकुतलेली होती.

"इथे गेले, महाराज."

त्याच्या शेजारच्याने नाडी सोडली. मग त्याच्या पलीकडच्याने. सगळे एकमेकांकडे आधी भीत भीत पाहत होते, मग नवलाने.

"तुझंपण?"

"अरे, मला वाटायचं मीच एकटा धांदरट!"

कोणीतरी हसले आणि मग सगळी ओळ हसू लागली. फार दिवस डोक्यावर वाहिलेले ओझे खाली ठेवल्यावर माणसे हसतात, तसे ते हसणे होते. गर्दीतून उत्पलेची आत्या वाट काढत आली. तिने आपली बाही वर सारली. दंडावर तिच्या पळी धरण्याच्या दिवसांतली जुनी, पांढरी पडलेली खूण होती.

"मी लपवलं, आता तुझ्याकडूनही लपवून घेणार होते," ती म्हणाली. "काय मेली अक्कल माझी! चल, वेणी दाखव."

राजाने सुतेजाला प्रमुखपद देऊ केले. बोधिसत्त्व म्हणाला, "सर्वांआधी नाडी सोडली ती कुंभिलाने. प्रमुख त्याला करा. मला एवढंच द्या की त्या खुंट्या काढल्या जाव्यात. उद्या नको, महाराज. आत्ता."

मिरवणूक तशीच झऱ्याकडे वळली. अग्निकारांनी भिंतीवरच्या खुंट्या उपटून झऱ्यात टाकल्या, आणि अग्नी रात्रभर त्या चघळत बसला. पुढच्या दीपोत्सवात सगळ्या ओळीची वस्त्रे ठिपक्यांनी भरलेली होती. नगरातला वैद्य सांगे, यंदा मलम उरले.

भिक्षूंचे गुरू असलेल्या शास्त्यांनी ही कथा विहारात भिक्षूंची चीवरे रंगवण्याच्या कढईपाशी बसून सांगितली. पिंगल नावाच्या तरुण भिक्षूने त्या दिवशी उकळता रंग ढवळला होता. जाड मळके फडके नव्या चीवरावर शोभणार नाही, म्हणून ते त्याने पुढे बांधले नव्हते. रंग उसळून त्याची बोटे भाजली होती, अंग मात्र थोडक्यात वाचले होते.

शास्ता म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आपल्याला ही कढई देणारा गृहपती. थट्टा करीत करीत पिंगलाच्या बोटांना ज्याने लोणी लावले, तो भिक्षू तेव्हा कुंभिल होता. उत्पला होती ती पिंगल. सुतेज अग्निकार मीच होतो. भिक्षूंनो, दुसऱ्याचे अंग वाचावे म्हणून आपला मान काळा होऊ देणे, यालाच करुणा म्हणतात."

पिंगल उठला. मळके फडके त्याने पुढे घेतले आणि शेजारच्या भिक्षूला म्हणाला, "आयुष्मन्, मागची गाठ तेवढी घट्ट बांधा."