वाळुंजाचा रेडा

खोलवाडीला नदी जिथे वळते, तिथे काठावर एक हिरवा रेडा उभा आहे. चार खोडांचे पाय, गुंफलेल्या फांद्यांची पाठ आणि शिंगांच्या जागी पालवी. हा कुणी लावला, असे पाहुणे हटकून विचारतात. मग बुरूड आळीतले म्हातारे नारबा पान जुळवत म्हणतात, "लावला कुठला! धुरपेनं इणला."

फार पूर्वी म्हणे ही नदी दर पावसाळ्यात काठ खात गावात शिरायची. एका वर्षी तीन घरे गेली, तेव्हा पंचांनी तिला रेड्याचा बळी कबूल केला. गावात रेडकू होते एकच, धुरपेच्या दारात. आई मेलेल्या त्या जिवाला तिने बोंडल्याने दूध पाजून जगवले होते. टोपल्या विणून पोट भरणारी एकटी बाई, तिला दुसरे होते कोण?

ती तडक पंचांपुढे गेली. "नदीला रेडाच पायजे न्हवं? देते की. माझ्या हातचा."

"उद्या मावळतीपातूर उभा कर," पंच म्हणाले. "पर पानी गावात आलं, तर रेडकाचं दावं आम्ही सोडू, बळीला."

वाळुंज म्हणजे नदीकाठचे झाड; टोपलीसाठी त्याचे फोक, म्हणजे लवचिक कोवळ्या काठ्या, आधी सुकवायचे, मग भिजवायचे, तेव्हा कुठे वीण घट्ट बसते. एवढी सवड कुठली! धुरपेने काठावरचे ओलेच फोक तोडले आणि पहाटेपासून विणायला बसली. आळी हसली. ओला फोक सुकला की आक्रसतो, वीण सैल पडते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिलाही होतेच. हात सोलवटले, पण ती उठली नाही. मावळतीला तिने रेड्याचे पाय काठात खोल गाडले, पोटात धोंडे भरले. रेडकू शेजारी उभे राहून त्याचा कान चघळत होते.

पूर आला. धुरपा रेडकाच्या गळ्यात हात टाकून बसून राहिली. पाणी गावात न शिरताच ओसरले, तेव्हा रेडा गुडघाभर गाळात, पण जागच्या जागी.

"सुकू दे, मग बघू," पंच म्हणाले.

तो सुकलाच नाही. पंधरा दिवसांत गाडलेल्या पायांना मुळे फुटली, चघळलेल्या कानापाशी दोन कोंब आले. ते पाहून धुरपा ओक्साबोक्शी रडली, असे सांगतात. मुळांनी धरलेला काठ पुन्हा सुटला नाही, आणि रेडकाचे दावेही कुणी सोडले नाही.

आजही खोलवाडीचे बुरूड वर्षाची पहिली टोपली ओल्या फोकांची विणतात आणि माती भरून काठात पुरतात. रेड्याला फुटलेल्या फांद्या कोयता न लावता हातांनीच आत गुंफतात. कान मात्र कुणी गुंफत नाही. ते गावातल्या रेडकांना चघळायला ठेवलेले असतात.