मातीतलं मीठ

कोणत्या सालची ते आता कोणालाच सांगता येणार नाही, इतकी जुनी ही गोष्ट आहे. खाडीच्या काठी एक गाव होतं. गावात एक पांढरं देऊळ होतं, क्रूसाचं. देवळाभोवती केळीच्या बागा होत्या. खाडीचं खारं पाणी बागांत शिरू नये म्हणून गावकऱ्यांनी मातीचा लांबलचक बांध घातला होता. त्या बांधाला एक फळ्यांचा दरवाजा होता, त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला उघडायची, भरतीला बंद करायची. ते काम गावातल्या घरांनी पाळीपाळीनं करायचं, असा नेम होता.

त्या गावात बस्त्याव नावाचा बागाईतदार राहत असे. केळीची जात त्याच्याइतकी कोणाला कळत नव्हती. दरवर्षी सुगीच्या सणाला वेदीसमोर पहिला घड ठेवला जाई तो त्याचाच. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. मग त्या मानाची त्याला इतकी सवय झाली, की तो मान आहे हेच तो विसरला. तो त्याला आपला हक्क वाटू लागला.

त्याच्या बागेत इनास नावाचा एक तरुण मजुरी करायचा. कष्टाळू होता, कमी बोलायचा. लग्न झाल्यावर त्यानं बस्त्यावच्या कुंपणापलीकडची, बांधालगतची एक सखल पडीक जागा मागून घेतली. लोक हसले. इनासनं चार वर्षं तिथं माती वाहिली, आणि पाचव्या वर्षी सणाला जो घड आणला तो उचलायला दोन माणसं लागली. म्हाताऱ्या फादरांनी तो पहिला ठेवायला सांगितला. बस्त्यावचा दुसरा ठेवला गेला.

बस्त्यावनं सगळ्यांसमोर इनासची पाठ थोपटली. घरी आला आणि न जेवता झोपला.

त्या दिवसापासून त्याच्या जिवाला चैन पडेना. सकाळी उठला की आधी कुंपणापाशी जाऊन इनासची केळफुलं मोजायची, मग आपली. इनासच्या बागेत वारा घुसून दोन केळी मोडल्या, तर त्या दिवशी त्याला भूक लागायची. प्रार्थनेला गुडघे टेकले तरी देवाकडे त्याचं एकच गाऱ्हाणं असे: त्याला का, मला का नाही?

इनासला यातलं काही ठाऊक नव्हतं. पहिली पिकलेली फणी तो आपल्या गुरूकडे घेऊन आला. शिकलो तुमच्या हाताखाली, म्हणून आधी तुम्हाला, असं म्हणाला. बस्त्यावनं ती फणी हसून घेतली आणि तो वळताच म्हशीपुढं टाकली.

त्याची बायको कातरीन हे सगळं पाहत होती. एकदा ती म्हणाली, “अहो, स्वतःची बाग सोडून तुम्ही त्याच्याच बागेची राखण करता. तुमच्या केळींना पाणी कोण घालणार?” बस्त्याव तिच्यावर खेकसला, पण खरोखरच त्याच्या आळ्यांत तण माजलं होतं.

पुन्हा सुगीचा सण आला. त्या दिवशी पौर्णिमा होती आणि ऐन दुपारी उधाणाची भरती यायची होती. अवघा गाव देवळात जमला. या वर्षीही पहिला घड इनासचाच, हे सर्वांना माहीत होतं. बस्त्यावनं डोकं दुखतंय असं सांगितलं आणि तो घरी राहिला.

भर दुपारी तो बांधावर गेला. उघाडीला पाणी थडकत होतं. एकच फळी काढू, घटकाभरच, असं त्यानं मनाला सांगितलं. थोडं पाणी जाईल, पानं जरा पिवळी पडतील, एवढंच. त्यानं फळी उचलली.

पण पाणी कोणाचं ऐकतं? त्या एका फटीतून ते असं घुसलं, की बाजूच्या फळ्या निखळल्या आणि बांधाची माती ढासळू लागली. फळी परत बसवायला तो छातीभर पाण्यात उतरला, पण ती त्याच्या हातातून निसटून गेली. तेव्हा तो घाबरला आणि घरी पळून आला. ओले कपडे त्यानं माळ्यावर लपवले.

लोक देवळातून बाहेर आले तर इनासची बाग पाण्याखाली होती. सणाच्या कपड्यांनिशी सगळे धावले. संध्याकाळपर्यंत बांध बुजला, पण व्हायचं ते झालं होतं. हळूहळू पानांच्या कडा करपल्या. महिनाभरात इनासच्या बागेत एकही केळ उभी राहिली नाही. ते मीठ झिरपत वरच्या अंगाला बस्त्यावच्या विहिरीतही उतरलं. आळीतल्या बायका तिथंच पाणी भरत. त्यांना आता डोंगराच्या झऱ्यावर जावं लागू लागलं.

उघाडी कोणी मुद्दाम काढली असेल, हे कोणाच्या मनातही आलं नाही. त्या दिवशी ती सांभाळायची पाळी इनासची होती. मानाच्या नादात त्यानं फळ्या नीट ठोकल्या नाहीत, असं पंचांनी ठरवलं. इनासनं खाली मान घालून ते मान्य केलं. आपलंच चुकलं असेल, असं त्यालाही वाटू लागलं होतं. गाव सोडून जायचं त्यानं ठरवलं.

आता तरी बस्त्यावला सुख लाभायला हवं होतं. पण हेवा मोठा विचित्र असतो. रविवारी देवळाबाहेर चार बायका इनासच्या बायकोचे डोळे पुसत होत्या. ते पाहून बस्त्यावच्या छातीत पुन्हा तीच जुनी कळ उठली. त्याला इनासच्या दुःखाचाही हेवा वाटला. आणि मग त्याला स्वतःचीच भीती वाटली. या आगीला जळायला बागही लागत नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं.

तो तसाच आत फादरांकडे गेला. गुडघे टेकले आणि फणीपासून फळीपर्यंत सगळं सांगितलं. सांगताना तो हुंदके देत होता. फादरांनी शांतपणे ऐकलं, त्याच्या डोक्यावर हात धरला आणि देवाच्या नावानं क्षमा दिली. कित्येक महिन्यांनी बस्त्यावला मोकळा श्वास घेता आला.

जाता जाता त्यानं विचारलं, “देवानं सगळं माफ केलं ना, फादर? मग आता लोकांना सांगायची काय गरज?”

फादर म्हणाले, “तुझं पाप देवानं धुतलं, बस्त्याव. त्यासाठी त्यानं तुझ्याकडून काहीच घेतलं नाही. पण मातीतलं मीठ अजून तिथंच आहे, आणि तुझा दोष दुसरा माणूस डोक्यावर घेऊन गाव सोडतोय.”

बस्त्याव इनासच्या घरी गेला. इनास बैलगाडीवर भांडी बांधत होता. बस्त्यावनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. इनासच्या हातातली दोरी तशीच राहिली. तो म्हणाला, “काका, देवानं तुम्हाला माफ केलं असेल. माझ्याच्यानं आज होत नाही.”

बस्त्याव आल्या वाटेनं परत गेला. पुढच्या रविवारी त्यानं सगळ्या गावासमोर आपला गुन्हा सांगितला. पंचांनी त्याचा मान काढून घेतला आणि सणाला त्याचा घड कधीच घेतला जाणार नाही असं ठरवलं. त्यानं ऐकून घेतलं. मग आपली वरची बाग इनासच्या नावानं केली, आणि बांधालगतची ती खारी जमीन स्वतःकडे घेतली. इनास गावातच राहिला.

खारी जमीन गोडी करणं म्हणजे वर्षानुवर्षांचं काम. पावसाचं पाणी वाफ्यात तुंबवायचं, मीठ विरघळलं की ओहोटीला ते सोडून द्यायचं, ताग पेरून तो मातीत गाडायचा, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. पहिल्या वर्षी तिथं गवतही उगवलं नाही. कुंपणापलीकडे मात्र पावसानं विहीर पुन्हा गोडी झाली आणि इनासच्या हाताखाली बस्त्यावची जुनी बाग तरारून उठली. ती पाहिली की बस्त्यावच्या मनात जुना हेवा अजून डोकं वर काढी. मग तो तिथंच चिखलात उभा राहून प्रभूचं नाव घेई आणि कुदळ उचली. कधी कधी एका सकाळीत त्याला पाच वेळा प्रार्थना करावी लागे.

अशी सहा वर्षं गेली. सातव्या पावसाळ्यात एके दिवशी तो एकटाच ताग गाडत होता. कुंपण ओलांडून कोणीतरी वाफ्यात उतरलं. तो इनास होता. त्यानं थोडा वेळ माती चाचपली, बोटाला लावून चाखली.

“या कोपऱ्याला अजून दोन वर्षं लागतील, काका,” तो म्हणाला. “सरका जरा.”

आणि दोघं शेजारी शेजारी कुदळ मारू लागले. बस्त्यावला समोरचं काही दिसेना, कारण त्याचे डोळे भरून आले होते. इनास किती भराभर काम करतो हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला त्याचा हेवा न वाटता आनंद वाटला.

पुढं त्या जमिनीत केळी आल्या. बांधालगतची एक पट्टी मात्र पांढरीच राहिली. बस्त्याव असेपर्यंत तिथं काही उगवलं नाही, तरी तो दर पावसाळ्यात ती धूत राहिला.

तात्पर्य: देव पापाची क्षमा फुकट देतो, पण पापाचं पीक ज्याचं त्यालाच कापावं लागतं, क्षमा मिळालेल्या माणसाला ते कापायचं बळ मात्र देवच देतो.